पडद्यावरची भीती नक्की कुणाची? वाचकांचे प्रश्न

यावेळी हॉररवर बरेच प्रश्न आलेत आणि बहुतेक एकाच गोष्टीभोवती फिरतायत, की भुताखेतांच्या पिक्चरमध्ये हे वंशवाद, बाई, सरकार, जमीन वगैरे येतं कुठून आणि का. म्हणून अख्खं सदर त्यालाच दिलंय. काही पिक्चरचे शेवट सांगितल्याशिवाय उत्तर देता येत नव्हतं, ज्यांना ते नको असतील त्यांनी तेवढा भाग सोडून पुढे जा.

प्रश्न: ताई, हॉरर बघायचं ते घाबरायला. आजकाल कुठलाही पिक्चर आला की लगेच तो भांडवलशाहीवर आहे, स्थलांतरितांवर आहे असं लिहून येतं. हे अर्थ खरंच आत असतात की समीक्षक वरून चिकटवतात? पूर्वी तर असं काही नव्हतं.

पूर्वीही होतं, आणि कधीकधी आत्तापेक्षा जास्त उघड होतं. १ मार्च १९५४ ला अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली, त्याची राख 'लकी ड्रॅगन' नावाच्या जपानी मासेमारी बोटीवर पडली, बोटीवरची माणसं किरणोत्सर्गाने आजारी पडली, त्यातला वायरलेस ऑपरेटर सप्टेंबरमध्ये वारला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जपानमध्ये 'गॉडझिला' लागला. त्याची सुरुवातच अशी की समुद्रात बोटीवरची माणसं निवांत बसलीत, अचानक डोळे दिपवणारा उजेड होतो आणि बोट पेटते. तिथल्या प्रेक्षकाला अर्थ समजावून सांगायला कुणी समीक्षक लागलाच नसेल, त्याने ते सगळं पेपरात वाचलेलं होतं.

जॉर्ज रोमेरोचा १९६८ चा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' घ्या. त्यातला हिरो बेन म्हणजे ड्युएन जोन्स, कृष्णवर्णीय नट. रोमेरो कायम हेच सांगत राहिला की भूमिका काळ्या माणसासाठी म्हणून लिहिलेली नव्हती, ऑडिशनमध्ये हाच सगळ्यात चांगला वाटला म्हणून घेतला. आता बघा, एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली, ऑक्टोबरमध्ये पिक्चर लागला, आणि शेवट काय तर रात्रभर झॉम्बींशी झुंजून जिवंत राहिलेला एकटा बेन सकाळी खिडकीपाशी येतो आणि बाहेर बंदुका घेऊन फिरणारी गोऱ्यांची टोळी त्याला झॉम्बी समजून लांबूनच गोळी घालते. त्यानंतर नावं येताना पडद्यावर जुन्या पेपरातल्यासारखे दाणेदार फोटो दिसतात, हातात मांसाचे हुक घेतलेले लोक आणि त्यांच्यामध्ये त्याचं प्रेत. लिंचिंगचे, म्हणजे गोऱ्या जमावाने काळ्या माणसांना ठार मारल्याचे फोटो ज्यांनी पाहिलेत त्यांना ते कशासारखं दिसतं हे सांगावं लागत नाही. दिग्दर्शकाने ठरवलं होतं की नव्हतं, ते पडद्यावर आहे.

पण तुमची शंका चुकीची नाहीये, चिकटवाचिकटवी होते, भरपूर होते. मी एक साधी गोष्ट करून बघते, तो मुद्दा काढून टाकला तर गोष्ट उभी राहते का? राहत असेल तर तो वरून लावलेला आहे. आणि अजून दोन गोष्टी बघते ज्या मला कुठल्याही संदेशापेक्षा महत्त्वाच्या वाटतात, पिक्चर कुणाची भीती खरी मानतो आणि आपल्याला कुणाला घाबरायला लावतो. राजकारण सगळं तिथेच असतं, डायलॉगमध्ये फार नसतं.

प्रश्न: 'गेट आउट' दोनदा बघितला. त्यातले गोरे लोक त्या मुलाला एकही वाईट शब्द बोलत नाहीत, उलट कौतुकच करत असतात. मग तो वंशवादावरचा एवढा मोठा पिक्चर कसा काय?

कौतुकच तर भयंकर आहे त्यात! जॉर्डन पीलने २०१७ मध्ये जे केलं ते हेच, की शिव्या देणारा, झेंडे नाचवणारा वंशवादी त्याने घेतलाच नाही, सुशिक्षित, उदारमतवादी, हसून गळ्यात पडणारी माणसं घेतली. क्रिस हा काळा फोटोग्राफर आपल्या गोऱ्या मैत्रिणीच्या, रोजच्या (Rose) घरी जातो, तर तिचा बाप सांगतो की ओबामा तिसऱ्यांदा उभा राहिला असता तर मी त्यालाच मत दिलं असतं. पार्टीत कुणी कृष्णवर्णीय गोल्फपटू टायगर वुड्सचा विषय काढतो, एक बाई क्रिसचा दंड चाचपून बघते, एकजण म्हणतो काळा रंग आता फॅशनमध्ये आहे. पहिल्यांदा बघताना आपण म्हणतो काय आगाऊ लोक आहेत. दुसऱ्यांदा बघताना कळतं की ही गिऱ्हाईकं आहेत आणि माल तपासून बघतायत, कारण पुढे त्याच बागेत बिंगोची कार्डं हातात धरून तोंडातून एक शब्द न काढता क्रिसचा लिलाव होतो, त्याच्या शरीरात आपला मेंदू बसवून घ्यायला. आणि त्याला विकत घेतो तो आंधळा आर्ट डीलर, जो नंतर त्याला शांतपणे सांगतो की मला तुझ्या रंगाशी काही देणंघेणं नाही, मला तुझे डोळे हवेत, तुझी फोटोग्राफरची नजर हवीय. म्हणजे 'मी रंग बघत नाही' हे वाक्य तो मनापासून बोलतो आणि तरी त्याचं शरीर विकत घेतो. मला अख्ख्या पिक्चरमध्ये सगळ्यात जास्त भीती या माणसाची वाटते.

आता तिसऱ्यांदा बघाल तेव्हा दोन ठिकाणी नीट लक्ष द्या. एक म्हणजे खुर्ची. क्रिसला बांधून ठेवलंय, संमोहनाचा आवाज ऐकला की तो बेशुद्ध पडणार, तर तो नखांनी खुर्चीच्या हाताचं कव्हर उचकटून आतला कापूस काढतो आणि कानात कोंबतो. ज्या देशात काळ्या गुलामांकडून पिढ्यान्‌पिढ्या कापूस वेचून घेतला तिथे हा माणूस कापूस उचलून जीव वाचवतो, आणि पीलने त्यावर एक वाक्यसुद्धा खर्च केलेलं नाही.

दुसरं पोलीस. सुरुवातीला गाडीला हरीण धडकतं, पोलीस येतो, गाडी ती मैत्रीण चालवत असते तरी तो ओळखपत्र क्रिसचं मागतो आणि ती पोलिसाशी भांडते. किती चांगली मुलगी असं वाटतं. शेवट माहीत झाल्यावर तोच सीन उलटा दिसायला लागतो, हा मुलगा तिच्याबरोबर होता याची कुठे नोंद राहू नये म्हणून ती भांडत होती की काय. मग शेवटी रस्त्यावर क्रिस, शेजारी रक्ताने माखलेली रोज, आणि लाल निळे दिवे येतात. तो आपोआप हात वर करतो आणि आपल्या पोटात गोळा येतो. हे बघा, इतका वेळ मेंदूची ऑपरेशनं करणारं कुटुंब बघून जेवढे घाबरलो नाही तेवढे आपण पोलिसांची गाडी बघून घाबरतो! गाडीतून उतरतो त्याचा मित्र, पण पीलने आधी दुसरा शेवट शूट केला होता ज्यात खरेच पोलीस येतात आणि क्रिस तुरुंगात जातो. तो बदलला ते बरं झालं असं मला वाटतं, कारण तुरुंगाचा शेवट प्रेक्षकाने त्या दिव्यांच्या दोन सेकंदात मनातल्या मनात बघून झालेलाच असतो.

४५ लाख डॉलरमध्ये केलेला हा पिक्चर जगभरात २५ कोटी डॉलरच्या वर गेला आणि मूळ पटकथेचं ऑस्कर मिळवणारा पील पहिला कृष्णवर्णीय लेखक ठरला. त्यानंतर स्टुडिओंनी अशा गोष्टींना पैसे द्यायला सुरुवात केली, त्यातून चांगलंही आलं आणि नकलाही पुष्कळ आल्या.

प्रश्न: हॉररमध्ये बाई एकतर किंचाळते नाहीतर चेटकीण असते. यात खरंच काही बदल झालाय का?

झालाय, आणि मला तो बदल सगळ्यात स्पष्ट दिसतो तो 'तिच्यावर विश्वास कोण ठेवतो' यात. २०२० चा 'द इनव्हिजिबल मॅन' बघा. मूळ कादंबरीत गोष्ट अदृश्य झालेल्या माणसाभोवती फिरते, ली व्हॅनेलने ती त्याच्या मारहाणीतून पळालेल्या बाईची केली. कॅमेरा मधूनच तिला सोडून खोलीच्या रिकाम्या कोपऱ्याकडे वळतो आणि तिथेच थांबतो, कोपऱ्यात काही नाही, पण आपण तिच्यासारखेच तो कोपरा निरखत बसतो. घरातले, मित्र, पोलीस सगळे म्हणतात तुझ्या डोक्यावर परिणाम झालाय, आणि पिक्चर मात्र पहिल्यापासून तिच्या बाजूने आहे. छळ सोसलेल्या बाईला 'पुरावा काय' विचारणं म्हणजे नक्की काय करणं असतं ते त्या रिकाम्या कोपऱ्यातून कळतं.

माझा स्वतःचा सगळ्यात आवडता मात्र बाबक अन्वरीचा 'अंडर द शॅडो', २०१६, फारसी भाषेतला. इराण-इराक युद्ध चालू आहे, तेहरानवर क्षेपणास्त्रं पडतायत. शिदेहला डॉक्टर व्हायचंय पण क्रांतीच्या काळात ती डाव्या चळवळीत होती म्हणून कॉलेज तिला परत घेत नाही, नवरा आघाडीवर गेलाय, ती आणि लहान मुलगी घरात. व्यायामाची व्हिडिओ कॅसेट ती दारं बंद करून लपूनछपून लावते. मग घरात जिन्न शिरलाय असं वाटायला लागतं, एका रात्री ती मुलीला उचलून जीव मुठीत धरून अनवाणी रस्त्यावर पळत सुटते, आणि गस्तवाले तिला पकडतात, कशासाठी तर डोक्यावर काही घेतलं नाही म्हणून. चौकीत बसवून, सुनावून, चादोर (डोक्यापासून पायापर्यंत झाकणारं कापड) गुंडाळून परत त्याच घरात पाठवतात. आणि जिन्न कुठल्या रूपात येतो? हवेत तरंगणाऱ्या चादोरच्या रूपात. आत भूत आणि बाहेर राज्य, दोघांचं कापड एकच. इतकं सरळ आणि इतकं भेदक मी क्वचित पाहिलंय.

मराठीत 'लपाछपी'ने (२०१७) स्त्रीभ्रूणहत्येचा विषय घेतला, उसाच्या फडात वाट हरवलेली गरोदर बाई आणि तिला दिसणारी मुलं, आणि विशाल फुरियाने पुढे हिंदीत त्याचाच 'छोरी' केला. तिथे खरी भीती भुतांची नाही, घरातल्या माणसांची आहे, म्हणून तो धरून ठेवतो. 'बुलबुल' (२०२०) बद्दल माझं मत जरा वेगळं आहे. १८८१ चा बंगाल, बालविवाह, चेटकीण म्हणजे कोण हा प्रश्न, सगळं पटतं, पण तिच्यावरचे अत्याचार इतके देखणे, लाल प्रकाशात न्हालेले आणि संथ दाखवलेत की मला ते बघवले नाहीत. बाजू बाईची घेतलीय पण तिच्या वेदनेची सजावट झालीय.

प्रश्न: खऱ्या हत्याकांडांवर हॉरर पिक्चर काढणं मला अजिबात पटत नाही. लोक खरंच मेलेत आणि आपण पॉपकॉर्न खात त्यांचं भूत बघायचं? तुम्हाला यात काही चूक वाटत नाही का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडला आणि तुमचा आक्षेप अर्ध्याअधिक पिक्चरना लागू पडतो. मेलेल्या माणसाला दुसऱ्यांदा फक्त दचकवण्यासाठी वापरायचं हे मलाही चीड आणतं. तरी एकदा 'ला योरोना' बघा, हाइरो बुस्तामांतेचा, २०१९ चा, ग्वाटेमालाचा.

थोडी पार्श्वभूमी. तिथलं यादवी युद्ध १९६० ते १९९६ असं चाललं, सुमारे २ लाख माणसं मेली किंवा बेपत्ता झाली, त्यातली बहुसंख्य माया आदिवासी. १९८२-८३ मध्ये सत्तेवर असलेला जनरल एफ्राइन रिओस माँट याला १० मे २०१३ ला नरसंहार आणि मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांबद्दल ८० वर्षांची शिक्षा झाली, आणि दहा दिवसांत घटना न्यायालयाने ती रद्द केली. पुन्हा खटला चालू झाला पण निकाल लागायच्या आत, २०१८ मध्ये तो मेला. एवढं सगळं होऊन कायद्याच्या दृष्टीने तो सुटलाच.

पिक्चरमधला जनरल वेगळ्या नावाचा आहे पण कोण ते लगेच कळतं. कोर्टाचा सीन आहे, एक माया बाई चेहऱ्यावर विणलेलं कापड घेऊन साक्ष देते, तिच्या भाषेत, दुभाषी सांगत जातो, आणि कॅमेरा तिच्यापासून अगदी हळूहळू मागे सरकतो, मध्ये कट नाही, संगीत नाही. दिग्दर्शकाने तिला पूर्ण बोलू दिलंय. शिक्षा रद्द होते, जनरल घरी येतो, आणि बंगल्याबाहेर माणसं जमतात, हरवलेल्यांचे फोटो घेऊन, रात्रंदिवस घोषणा. घरातले नोकर सोडून जातात, एक नवीन कामवाली येते, नळ आपोआप वाहायला लागतात. आणि जनरलच्या बायकोला, जी इतके दिवस त्या साक्ष देणाऱ्या बायकांना नावं ठेवत होती, तिला स्वप्नं पडायला लागतात ज्यात ती स्वतः ती माया आई आहे आणि सैनिक तिच्या मुलांना नदीकडे नेतायत. भूत इथे कुणाला दचकवायला आलेलं नाही, जो खटला बाहेर अर्धा राहिला तो घरात पूर्ण करायला आलंय, आणि घाबरतोय तो मारणारा. म्हणून मला हे मेलेल्यांचा अपमान वाटत नाही.

माती डिओपचा 'अटलांटिक्स' (२०१९) पण याच जातीचा. सेनेगलमधल्या डाकारमध्ये टोलेजंग इमारत बांधणाऱ्या मजुरांचे पगार थकलेत, पोरं कंटाळून बोटीने स्पेनला निघतात, समुद्रात बुडतात, आणि रात्री मोहल्ल्यातल्या मुलींच्या अंगात येऊन बिल्डरच्या घरी जाऊन बसतात. मागणी एकच, आमचे थकलेले पैसे दे. बदला नाही, रक्तपात नाही, मजुरी! मला तर तिथे भीतीपेक्षा रडूच आलं.

प्रश्न: सगळे हॉरर पुरोगामी असतात असं तुम्हाला म्हणायचंय का? मला तर त्यात उलट पूर्वग्रहच जास्त दिसतात.

अजिबात नाही म्हणायचं, तुम्ही बरोबर आहात. मनोरुग्ण म्हणजे खुनी, चेहरा विद्रूप म्हणजे मन विद्रूप, जंगलातली जमात म्हणजे नरभक्षक, हे सगळं या प्रकाराने वर्षानुवर्षं विकलंय आणि अजून विकतोय. अमेरिकन हॉररमधलं ते 'इंडियन दफनभूमीवर बांधलेलं घर' घ्या, 'द शायनिंग'मध्येही हॉटेलबद्दल तसा उल्लेख आहे. ज्यांची जमीन बळकावली तेच शाप बनून येतात आणि बिचारे म्हणायचे ते घरात राहायला आलेल्यांना! गंमत म्हणजे 'पोल्टरगाइस्ट' (१९८२) लोकांना तसाच आठवतो पण त्यात तर बिल्डर स्वतःच सांगतो की ही काही जमातीची प्राचीन दफनभूमी नाही, साधी माणसं पुरलेली आहेत. त्याने पैसे वाचवायला थडग्यांवरचे दगड हलवले आणि प्रेतं तिथेच ठेवून वर घरं बांधून विकली. तो तेव्हाही पुढचा पिक्चर होता.

आणि २०१९ मध्ये कॅनडातल्या मिगमाक या आदिवासी समाजातल्या जेफ बार्नबीने 'ब्लड क्वांटम' करून सगळं उलटं फिरवलं. झॉम्बींची साथ येते, आदिवासींना ती होतच नाही, आणि गोरे लोक त्यांच्या रिझर्व्हच्या, म्हणजे आदिवासींसाठी राखीव वस्तीच्या दारात आसरा मागायला उभे. आत घ्यायचं की नाही यावर घरातच भांडणं लागतात. कॅमेऱ्यामागे कोण आहे याने एवढा फरक पडतो.

प्रश्न: संदेश देणारा पिक्चर म्हटलं की मला भाषण आठवतं. न बोलता कुणी केलंय का?

'ट्रेन टू बुसान' (२०१६). झॉम्बी सगळीकडे पसरलेत आणि डब्यातल्या टीव्हीवर सरकार सांगतंय परिस्थिती आटोक्यात आहे, शांत राहा. कोरियन प्रेक्षकाला हे कसं लागलं असेल विचार करा, १६ एप्रिल २०१४ ला सेवॉल बोट बुडत असताना आतल्या मुलांना आहे तिथेच थांबा अशी घोषणा करत होते, ३०४ जण गेले, त्यातली बहुतेक एकाच शाळेची सहलीला निघालेली पोरं. पिक्चरमध्ये बोटीचं नाव कुठेही नाही. आणि तो सीन, जिथे वाचलेली माणसं पलीकडच्या डब्यात पोचतात आणि आतले लोक दार धरून ठेवतात, काचेतून एकमेकांचे चेहरे दिसतायत तरी उघडत नाहीत. त्यापुढे झॉम्बी काहीच नाहीत.

प्रश्न: आमच्या कॉलेजच्या फिल्म क्लबमध्ये यावर एक पिक्चर दाखवायचाय आणि नंतर चर्चा घ्यायचीय. दीड-दोन तासांत बसेल असा एक सांगा.

रेमी वीक्सचा 'हिज हाउस', २०२०, दीड तासाच्या थोडासाच वर आहे. दक्षिण सुदानमधून पळून आलेलं जोडपं, बोल आणि रिआल, इंग्लंडमध्ये त्यांना सरकारी घर मिळतं, भिंती पोखरलेल्या, कचरा, आणि त्या भिंतींच्या आत काहीतरी आहे. जेवणाचा सीन पुन्हा लावून दाखवा, तो टेबलावर काट्याने खायचा आग्रह धरतो, तिला खाली बसून हाताने खायचंय, एवढ्यावरून दोघं काय ठरवून बसलेत ते दिसतं.

चर्चेत 'संदेश काय होता' हे नका विचारू, सगळे गप्प बसतील. भुताच्या घरातली माणसं घर सोडून का जात नाहीत हा प्रत्येक हॉररवर आपण विचारतो तोच प्रश्न टाका. इथे उत्तर पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत अधिकारी वाचून दाखवतात, नोकरी करायची नाही, दुसरीकडे राहायला जायचं नाही, अट मोडली की परत पाठवणी. बोल एकदा दुसरं घर मागायला जातो तेव्हा समोरचे त्याच्याकडे कसे बघतात, आणि खरं कारण त्याला का सांगता येत नाही, तेवढ्या एका सीनवर तासभर बोलणं होईल.